पास्त्यावरचा चिवडा दोन घासांत सादळतो: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

पास्ता उकडायचा, टोमॅटोचा सॉस करायचा आणि ताटात वाढल्यावर वर चीजऐवजी मूठभर पातळ पोह्यांचा चिवडा. साडेसातला डोंबिवली स्टेशनवर उतरलं की सव्वाआठपर्यंत चौघांचं जेवण तयार होतं आणि मुलं ताट पुसून खातात. गेली आठ वर्षं आमच्याकडे हा पदार्थ आठवड्यातून एकदा होतो.

या आठ वर्षांत त्याचा एकच बिघाड मी पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. आधी माझ्या स्वयंपाकघरात, मग जाऊबाईंच्या, मग शेजारच्या काकूंच्या, आणि पाचगणीला राहणाऱ्या भाचीला तर फोनवरूनच. चिवडा सादळतो. प्रत्येक वेळी दोष चिवड्याला जातो, दुसऱ्या दुकानातून नवीन पाकीट येतं आणि तेही सादळतं. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा चिवडा चांगलाच असतो. पाणी भलतीकडून येत असतं. ते कुठून येतंय हे सापडलं की काम झालं.

लक्षणं

आधी आपलं लक्षण ओळखा, म्हणजे सगळ्या तपासण्या करत बसावं लागणार नाही.

- घातला तेव्हा कुरकुरीत होता, दोन-चार घासांत मऊ पडला: वाफ अडकते आहे किंवा घालायची वेळ चुकते आहे. तपासणी 1 आणि 2.
- वरचा थर कुरकुरीत, खालचा सॉसमध्ये भिजून लगदा: सॉस पातळ आहे. तपासणी 5.
- पहिल्याच घासाला चामट, दाताखाली तडकत नाही, वाकतो: चिवडा आधीपासूनच सादळलेला. तपासणी 3.
- पोहे मऊ झाले, पण शेव आणि शेंगदाणे अजून कडक: प्रकार चुकला. तपासणी 4.
- पास्त्याचाच गोळा झाला आणि चिवडा त्यात रुतून बसला: तपासणी 6.
- ओटीजीतून (भाजायच्या छोट्या विजेच्या भट्टीतून) काढल्यावर वरून करपलेला, आतून ओला: तपासणी 7.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळ्या तपासण्या तिच्यावरच उभ्या आहेत. तळताना किंवा भाजताना पोह्यांतलं बहुतेक पाणी उडून जातं, जेमतेम दोन-चार टक्के उरतं. इतका कोरडा स्टार्च काचेसारखा ठिसूळ असतो. दात लागला की तडकतो आणि तोच आपला कुर्रकन आवाज. त्यात थोडंसं पाणी परत शिरलं तरी तो तडकायचं सोडून वाकायला लागतो. आता खाली काय आहे ते बघा. 300 ग्रॅम कोरडा पास्ता उकडल्यावर साडेसहाशे ग्रॅमच्या वर जातो, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. टोमॅटोत तर 94 टक्के पाणी. ओल्याकडून कोरड्याकडे पाणी जाणारच, ते थांबवता येत नाही. त्याचा वेग मात्र कमी करता येतो. आपल्याला हवी असतात फक्त दहा-बारा मिनिटं, पानावरचं जेवण होईपर्यंतची.

1. झाकण (फुकट, पाच सेकंद)

सगळ्यात आधी हे बघा. सॉसमध्ये पास्ता मिसळून झाल्यावर कढईवर झाकण ठेवता का? आपल्या घरांत उघडं अन्न ठेवायचं नाही ही सवय हाडीमाशी खिळलेली असते आणि ती चांगलीच सवय आहे. आमच्याकडे सासूबाई उशिरा येणाऱ्याचं ताट वाढून वर दुसरं ताट पालथं घालून ठेवायच्या. भाजी-पोळीला ते योग्यच. पण चिवडा घातलेल्या पास्त्यावर झाकण घातलं, की वाफ झाकणाला जाऊन लागते, तिचे थेंब होतात आणि ते थेंब सरळ चिवड्यावर टपकतात. वरून पाणी शिंपडल्यासारखंच होतं ते.

तपासून बघायचं असेल तर कोरडी स्टीलची ताटली पास्त्यावर बोटभर अंतरावर दहा सेकंद धरा. खालून थेंब जमले तर चिवडा घालायची वेळ अजून झालेली नाही. गॅस बंद करून कढई उघडी ठेवा, दोनदा वर-खाली हलवा आणि तीन-चार मिनिटं थांबा. पास्ता तेवढ्यात गार होत नाही, वाफेचा पहिला लोट मात्र निघून जातो. उशिरा येणाऱ्यासाठी पास्ता झाकून ठेवा आणि चिवडा वाटीत वेगळा ठेवा.

काकूंच्या घरचा बिघाड एवढाच होता. त्यांनी तोवर तीन दुकानांचे चिवडे बदलून पाहिले होते.

2. कधी घालता, कुठे घालता (फुकट)

कढईत घालून ढवळत असाल तर तो चिवडा गेलाच म्हणून समजा. ढवळल्यावर प्रत्येक पोह्याला सगळ्या बाजूंनी सॉस लागतो. ताटात वाढल्यावर वरून घातला तर फक्त खालची बाजू भिजते.

भेळवाल्याकडे उभं राहून बघा. कुरमुरे, चटण्या, कांदा सगळं वेगवेगळं असतं, तुम्ही समोर आलात की मिसळतो आणि द्रोण हातात देतो. त्याला कुरमुऱ्याची घाई माहीत असते. मिसळीचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे फरसाण रश्शात जरा मुरलेलं चालतं, आवडतंही, कारण सोबतीला पाव असतो, मटकीला स्वतःचा चावा असतो, वर कच्चा कांदा असतो. पास्त्यात सगळंच मऊ. दाताला लागण्यासारखं ताटात चिवड्याशिवाय दुसरं काही नसतं, म्हणून इथे तो मुरू द्यायचा नाही.

आम्ही चिवड्याची वाटी टेबलाच्या मध्ये ठेवतो आणि जो तो दोन-चार घासांपुरता घालून घेतो. संपला की पुन्हा घालायचा. एकदम डोंगर करायचा नाही. मुलांना हे आवडतं आणि वाटीतला चिवडा शेवटपर्यंत कोरडा राहतो.

शाळेच्या डब्यालाही हाच नियम. पास्ता डब्यात, चिवडा छोट्या घट्ट डबीत, आणि मधल्या सुट्टीत मुलांनी स्वतः घालायचा. एकाच डब्यात वेगळ्या कप्प्यात ठेवून उपयोग होत नाही, कारण झाकण एकच असतं आणि वाफ कप्पे बघत नाही.

3. चिवडा आधीच सादळलाय का (फुकट, दहा मिनिटं)

पास्त्याशिवाय नुसता चिमूटभर खाऊन बघा. दोन बोटांत एक पोहा चुरडा. चुरा झाला तर बरा आहे, दबून चपटा झाला तर सादळला आहे. ही तपासणी लोक करतच नाहीत आणि थेट सॉसच्या मागे लागतात, म्हणून ती सॉसच्या आधी ठेवली आहे.

जून ते सप्टेंबर आमच्या भागात हवाच इतकी दमट असते की पाकीट उघडं राहिलं तर संध्याकाळपर्यंत चिवडा मऊ. डबा गॅसच्या ओट्यावर असेल तर उन्हाळ्यातही तेच होतं, कारण कुकरची, चहाची, डाळीची सगळी वाफ तिथेच फिरते. डबा ओट्यावरून हलवा. झाकण घट्ट बसणारा, शक्यतो रबर असलेला डबा घ्या. डब्यात ओला चमचा घालू नका.

पिठीसाखर घातलेला गोडसर चिवडा या कामाला घेऊ नका. साखर आणि मीठ दोन्ही हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पिठीसाखर तर प्रत्येक पोह्याला चिकटलेली असते. शिवाय तो परत गरम करताना साखर आधी चिकट होते आणि मग करपते. मनुका असतील तर काढून ठेवा, गरम केल्यावर त्या दगड होतात.

सादळलेला चिवडा परत आणता येतो. जाड बुडाची कढई मंद आचेवर तापवा, चिवडा घाला, तेल न घालता चार-पाच मिनिटं हलक्या हाताने परता. गरम असताना तो मऊच लागेल, त्यावरून निष्कर्ष काढू नका. ताटात पसरून गार होऊ द्या आणि मग बघा. मायक्रोवेव्ह असेल तर सपाट ताटलीत पातळ पसरून तीस-तीस सेकंद, मधे हलवून. उन्हाळ्यात कडक ऊन पुरतं, आई चिवडा करायच्या आधी पोहे उन्हात घालायची ते याचसाठी. एक चूक टाळा: गरम चिवडा डब्यात भरून झाकण लावू नका. तो स्वतःच्याच वाफेने पुन्हा सादळतो.

वास खवट येत असेल तर हा सगळा खटाटोप करू नका. तेल खराब झालं की ते परत सुधारत नाही. फेकून द्या.

4. कोणता चिवडा (थोडा खर्च)

जे पातळ, फुगीर आणि सच्छिद्र ते लवकर भिजतं. जे दाट आणि तेलात तळून घट्ट झालेलं ते उशिरा. माझ्या ओट्यावर सगळ्यात आधी मान टाकतात ते कुरमुरे. मग बटाट्याचे पातळ वेफर्स, मग पातळ पोहे आणि बारीक नायलॉन शेव, मग तळलेल्या मक्याच्या पोह्यांचा चिवडा. सगळ्यात जास्त टिकते जाड तिखट शेव, आणि शेंगदाणे-डाळं तर जेवण संपलं तरी तसेच असतात.

म्हणून मी आता नुसता पातळ पोह्यांचा चिवडा घालत नाही. एक वाटी चिवडा, अर्धी वाटी मक्याचा चिवडा, पाव वाटी जाड शेव हातानेच मोडून. पहिल्या घासाला पोहे वाजतात, शेवटच्या घासाला शेव. सॉस कितीही चांगला जमला तरी ही सोय ठेवा.

चुरा किती करायचा? निम्मा. अगदी पीठ केलं तर त्याला सगळीकडून पाणी लागतं आणि सॉस दाट करण्यापलीकडे त्याचा उपयोग राहत नाही. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर मात्र त्याच्या वाट्यातले शेंगदाणे आणि डाळं पूर्ण कुटून घाला किंवा काढूनच टाका. अख्खा दाणा घशात अडकू शकतो.

वेळ हाताशी असेल तर आणखी एक उपाय आहे आणि तो मला फार आवडतो. छोट्या कढईत चमचाभर तेल किंवा तूप, त्यात दोन लसूण पाकळ्या बारीक चिरून, चिमूटभर लाल तिखट, आणि लसूण सोनेरी झाली की चिवडा घालून मिनिटभर परतायचा. लसूण कोरडी होईपर्यंत थांबा, ओली राहिली तर तीच चिवड्याला पाणी देईल. वर चढलेला तेलाचा पातळ थर पाणी अडवून धरतो, कायमचं नाही, पण आपल्याला हवा तेवढा वेळ मिळतो. सिसिलीत आणि दक्षिण इटलीत हेच शिळ्या पावाच्या चुऱ्याचं करतात. तो ऑलिव्ह तेलात खमंग परतून पास्त्यावर घालतात. चीज परवडत नसे अशा घरांत त्याच्या जागी हा चुरा असायचा आणि आज तो आवडीने खाल्ला जातो. चिवडा पास्त्यावर परका वाटतो असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे आवर्जून सांगते.

5. सॉस (पैसे नाही, पण पंधरा मिनिटं जातात)

खरा बिघाड बहुधा इथे असतो. जाऊबाई एकदा म्हणाल्या, “ताई, तुमच्याचसारखा करते, चिवडाही तोच, मग माझा का नाही राहत?” मी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहिले. टोमॅटो मिक्सरला फिरवले, उंच पातेल्यात ओतले, उडायला लागले म्हणून झाकण घातलं, सात मिनिटांत गॅस बंद. रंग लाल, वास छान, चव चांगली. पण चमचाभर सॉस ताटलीत घालून ताटली तिरकी केली तर लाल गर मागे राहिला आणि पाण्याची ओळ पुढे पळाली.

हीच चाचणी तुम्ही करा. गर आणि पाणी वेगळं होतंय तोवर सॉस झालेला नाही. ताटलीवर तो एकसंध सरकला पाहिजे आणि कडेला पाण्याची किनार दिसता कामा नये.

चौघांना मी 600 ग्रॅम टोमॅटो घेते. त्यात साधारण 560 ग्रॅम पाणी असतं, म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त. त्यातलं निदान निम्मं तरी उडालं पाहिजे आणि पाणी उडायला पृष्ठभाग लागतो. म्हणून उंच पातेलं नको, पसरट कढई घ्या. आच मध्यमच्या वर. उडतं म्हणून झाकण घालायचं असेल तर जाळीचं घाला, किंवा अर्धवट कलतं. पूर्ण झाकण घातलं तर पाणी वर जाऊन परत खालीच येतं, पंधरा मिनिटं शिजवूनही सॉस तिथल्या तिथे. आपल्याकडे भाजीच्या वाटणाला “तेल सुटेपर्यंत” परततात ना, तीच खूण इथे चालते. कडेने तेल दिसायला लागलं, चमचा फिरवल्यावर कढईच्या तळाला वाट दोन क्षण उघडी राहिली, की सॉस झाला.

टोमॅटो निवडतानाच निम्मं काम होतं. लांबट, जाड सालीचे, गरदार टोमॅटो घ्या. गोल, आंबट, रसाळ गावठी टोमॅटो सारासाठी उत्तम, पण या सॉसला वेळ खातात. तेच घरात असतील तर कापून बिया आणि रस आमटीसाठी बाजूला काढा.

पाणी चोरपावलांनी आणखी दोन वाटांनी येतं. एक म्हणजे भाज्या. मश्रूम, ढोबळी मिरची, फ्रीझरमधला मका किंवा मटार, हे सगळं सॉसमध्ये थेट टाकलं की पाणी सोडतं आणि तुम्ही आटवलेला सॉस पुन्हा पातळ. भाज्या वेगळ्या मोठ्या आचेवर परता, मश्रूमचं पाणी सुटून आटून गेल्यावरच मीठ घाला, मग सॉसमध्ये मिसळा. मटार आणि मका गरम पाण्यातून काढून चाळणीत पूर्ण निथळू द्या. दुसरी वाट म्हणजे पास्त्याचं पाणी. उकडलेल्या पास्त्याचं पाणी सॉसमध्ये घालतात ते बरोबरच आहे, त्यातल्या स्टार्चने सॉस पास्त्याला धरून राहतो. पण कप कप घालू नका. चौघांच्या पास्त्याला पाव वाटी पुरे, आणि घातल्यावर एक-दोन मिनिटं मोठ्या आचेवर ते आटलंच पाहिजे.

मिठाचंही इथेच बघा. चिवडा आणि शेव दोन्ही खारट असतात. सॉस नुसता खाताना बरोबर लागला तर चिवडा घातल्यावर खारट होणार. सॉस किंचित अळणी ठेवा. पास्त्याच्या पाण्यात एरवी लिटरला दहा ग्रॅम मीठ घालतात, मी तीन लिटरला वीस ग्रॅमवर थांबते.

व्हाइट सॉस करत असाल तर दोन मोठे चमचे लोणी, तितकाच मैदा, दोन वाट्या दूध हे प्रमाण ठेवा. मैद्यातला स्टार्च पाणी धरून ठेवतो म्हणून त्यावर चिवडा थोडा जास्त टिकतो. पण हा सॉस उष्णताही जास्त वेळ धरतो, त्यामुळे वाफ जाऊ द्यायचा वेळ वाढवा.

6. पास्ता

पाकिटावर मागे बघा. ड्युरम या कडक जातीच्या गव्हाचा रवा लिहिलेला असेल तर तो पास्ता उकडल्यावर आकार धरून राहतो. मैद्याचा असेल तर बाहेरून चिकट आणि आतून गिच्च होतो, त्याचा स्टार्च पाण्यात सुटतो आणि ताटात गोळा बनतो. इटलीत 1967 साली झालेल्या कायद्याने तिथल्या वाळवलेल्या पास्त्यासाठी ड्युरमचाच रवा ठरवून दिला, त्यामागे कारण आहे. आपल्याकडचा बन्सी गहूही याच जातीचा, बन्सी रव्याचा उपमा कसा दाणेदार होतो ते आठवा.

चौघांना 300 ग्रॅम, पाणी तीन लिटर, खळखळून उकळलेलं. पास्ता टाकल्यावर पहिली दोन मिनिटं ढवळत राहा, चिकटायचा तो याच वेळात चिकटतो. पाण्यात तेल घालू नका. ते वर तरंगतं, चिकटणं थांबवत नाही, आणि काढताना पास्त्यावर चढून बसतं, मग सॉस त्यावरून घसरतो आणि ताटाच्या तळाशी साचतो. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढा, उरलेला तो सॉसमध्ये शिजतो. पाचगणी-महाबळेश्वरकडे मात्र पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, तिथे एखाद-दोन मिनिटं जास्त द्या. भाचीचा पास्ता आतून कच्चा राहायचा तो यामुळे, आणि ती तो भरून काढायला सॉसमध्ये पाणी ओतायची. पुढचं सगळं त्या पाण्याने बिघडवलं.

पेने किंवा नळीचा कुठलाही पास्ता असेल तर चाळणी तीन-चार वेळा जोरात झटका. प्रत्येक नळीत थेंबभर पाणी असतं, तीनशे ग्रॅमचं मिळून ते वाटीच्या तळाशी दिसेल इतकं होतं. थंड पाण्याखाली धुवायचा नाही. सॅलडसाठी ठीक, इथे तुम्ही पुन्हा पाणीच घालताय.

7. ओटीजीत भाजताना

वेफर्सचा चुरा वर घालून भाजण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत ट्यूना-नूडल कॅसरोलवर, म्हणजे मासे आणि नूडल्स एकत्र भाजून केलेल्या पदार्थावर, असेच वेफर्स असतात. इथे चूक होते ती क्रमाची. चिवडा आधीच तळलेला आहे, त्याला शिजायचं काहीच नाही. पास्ता आणि चीज 180 अंशांवर पंधरा मिनिटं भाजून घ्या, चिवडा शेवटच्या तीन-चार मिनिटांसाठी चीजवर पसरा. चीजखाली घातला तर पास्त्याची वाफ आणि वितळलेलं चीज यांच्यात तो कोंडून जातो. बाहेर काढल्यावर ट्रे जाळीवर उघडा ठेवा, फॉइल लावू नका.

क्रम बरोबर असूनही वर करपत असेल किंवा रंगच येत नसेल तर ओटीजीवर संशय घ्या. दहा मिनिटं आधी तापवून जाळीवर पावाचे चार स्लाइस पसरा. चारही सारखे सोनेरी झाले तर यंत्र ठीक. एक बाजू काळी आणि दुसरी पांढरी, किंवा वरची सळई लालच होत नाही, तर पुढे तुमचं काम नाही.

इथे थांबा

ओटीजी लावल्यावर एमसीबी (बोर्डावरचा वीज आपोआप तोडणारा खटका) पडतो, हाताला झिणझिण्या येतात, वायर जळाल्याचा वास येतो: आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. सळई किंवा थर्मोस्टॅट घरी बदलायला जाऊ नका. मायक्रोवेव्ह तर कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेईल इतका विजेचा साठा राहू शकतो.

पाणी खळखळून उकळतच नसेल आणि ज्योत पिवळी, भांड्यांची बुडं काळी होत असतील तर बर्नर गार झाल्यावर काढून त्याची भोकं टाचणीने साफ करा. वाळल्यावरच परत बसवा. तरी ज्योत निळी झाली नाही तर शेगडी मेकॅनिकला दाखवा. गॅसचा वास आला तर एवढंही करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेच्या एकाही बटणाला हात नाही, बाहेर येऊन 1906 या गॅस गळतीच्या मदत क्रमांकावर फोन.

खाल्ल्यावर कुणाच्या ओठांना सूज, अंगावर गांधी, श्वास लागणं असं काही दिसलं तर शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असू शकते. वाट बघू नका, 108 ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात न्या. डॉक्टर सांगेपर्यंत तो चिवडा त्या माणसाच्या ताटात पुन्हा यायला नको.

उरलेला पास्ता दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ दे आणि दुसऱ्या दिवशी संपवा. रात्रभर तो सॉस पिऊन घट्ट होतो, गरम करताना दोन चमचे पाणी घालून पूर्ण वाफ येईपर्यंत तापवा, मग कढई उघडी ठेवून तीन मिनिटं थांबा. चिवडा त्यानंतर.